आप्पा, तळावर लिहा

हे लिहायचं मी बारा वर्षं टाळत आलो. कारणं दरवर्षी नवी मिळत गेली. आधी प्रयोगशाळा चालू होती, तिचं नाव सांभाळायचं होतं. मग माझी पत्नी शैला आजारी पडली. मग ती गेली. मग वाटायला लागलं, आता कुणाला आठवतंय ते सगळं... पण मला आठवत होतं, आणि कुंदालाही आठवत असणार. माझ्या प्रयोगशाळेत सतरा वर्षं काम केलेली कुंदा राऊत पाच आठवड्यांपूर्वी निर्मळला वारली. हे जिला सांगायचं होतं तीच राहिली नाही, म्हणून आता तुम्हा वाचकांना सांगतो आहे. तुमच्यातल्या काहींनी त्या वेळी तिच्याबद्दल जे ऐकलं होतं, ते खोटं होतं.

तिच्या जाण्याची बातमीसुद्धा मला वेळेवर कळली नाही, आणि त्यालाही मीच कारणीभूत. त्या आठवड्यात तिच्या भावाचा, हरेश्वरचा, तीन वेळा फोन आला. पडद्यावर नाव दिसत होतं. मी फोन टेबलावर पालथा घातला आणि वाजू दिला. इतक्या वर्षांत ज्या माणसानं एकदाही फोन केला नाही, तो आत्ताच का करतोय? मला वाटलं, बहिणीनं त्याला शेवटी सगळं सांगितलं असणार आणि आता तो जाब विचारणार. या वयात मला रक्तदाबाइतकीच संशयाची सवय झाली आहे. चौथ्या दिवशी त्याचा मेसेज आला, 'कुंदाताई पहाटे गेली. अकरा वाजता नेणार आहोत.' मी तो वाचला दुपारी दोन वाजता.

कुंदा माझ्याकडे आली तेव्हा पंचविशीची होती. पारनाक्याजवळ पहिल्या मजल्यावर दोन खोल्यांत माझी प्रयोगशाळा होती. रक्त-लघवी तपासणारे वसईत पुष्कळ होते. आम्ही अन्न आणि पाणी तपासायचो. दूध, बर्फ, आइस्क्रीम, विहिरींचं पाणी, हॉटेलांतल्या चटण्या. सूक्ष्मजीवशास्त्राची पदवी घेऊन निर्मळहून सायकलवर ती मुलाखतीला आली, तेव्हा मी तिच्यापुढे पाण्याचा ग्लास ठेवला. तिनं तो उजेडात धरून पाहिला आणि विचारलं, "हे तपासलंय का?" संध्याकाळी शैलाला हे सांगितलं, तर ती म्हणाली, "ठेवून घ्या तिला. तुमच्याकडे अशीच कुणीतरी पाहिजे."

तिचा कशावरच चटकन विश्वास बसत नसे. उबवणीच्या कपाटातला थर्मामीटर ती दर सोमवारी दुसऱ्या थर्मामीटरनं तपासायची आणि तो दुसरा महिन्यातून एकदा तिसऱ्यानं. निर्मळच्या लग्नांत ती पंगतीला बसली की तिच्या चुलतबहिणी ओरडायच्या, "आली गो इन्स्पेक्टरीण, दही लपवा!" आणि ती खरंच विचारायची, "दही कधी लावलं? रात्री की सकाळी?" तिनं लग्न केलं नाही. भाऊ, वहिनी, चार म्हशी आणि केळीची वाडी, एवढ्यात ती रमलेली होती. वहिनीनं एकदा माझ्यासमोर तिला चिडवलं होतं, "मुलगा बघायला आला आणि हिनं त्याला विचारलं, हात धुतलेत का." कुंदा शांतपणे म्हणाली, "धुतले नव्हते ना पण."

तिच्या या सगळ्या खोडींत एक मला नेहमी फाजील वाटायची. जंतू वाढवायची झाकणाची चपटी गोल बशी असते, तिला आम्ही नुसतं प्लेट म्हणतो. नमुन्याचं नाव मी तिच्या झाकणावर लिहायचो, सोयीचं पडतं म्हणून. कुंदा तळावर लिहायची, कडेकडेनं, बारीक अक्षरात, नाव, तारीख, वेळ. प्लेटा कपाटात पालथ्या ठेवतात, म्हणजे वाफेचं पाणी वाढीवर ठिबकत नाही. पालथी प्लेट उचलली की तळ हातात येतो आणि झाकण खाली राहतं. "आप्पा, तळावर लिहा," ती म्हणायची. "जंतू तळात वाढतात. झाकण काय, कुठलंही कशावरही बसतं." मी म्हणायचो, "दोन प्लेटांत कसला गोंधळ होणार गं?" त्यावर ती वाद घालत नसे. माझ्या प्लेटा उलट्या करून तळावर पुन्हा सगळं लिहून ठेवायची. सतरा वर्षं ती माझ्या मागून हे करत राहिली. मी त्याला कधी काम म्हटलं नाही.

बारा वर्षांपूर्वी आम्ही झटपट तपासणीचं किट आणलं. त्याआधी विषबाधेचा नमुना आला की नेमका जंतू ओळखेपर्यंत चार-पाच दिवस जायचे. प्लेटवर वाढ येऊ द्यायची, मग ती नळीत घालून तपासायची, मग आणखी एक चाचणी. तोवर आजारी माणसं बरी होऊन कामाला लागलेली असायची. किटमुळे शेवटचे दोन टप्पे मिनिटाचे झाले. कार्डावर एक थेंब टाकायचा, प्लेटवरची वाढ काडीनं त्यात घोळवायची आणि कार्ड हलवत बघत राहायचं. दूध नासावं तशा बारीक गुठळ्या झाल्या तर तो स्टॅफ. माणसाच्या नाकात, हातावरच्या फोडांत राहणारा हा जंतू, अन्नात वाढला की विष करतो. गुठळ्या झाल्या नाहीत तर तो नाही. मला त्या कार्डाचं इतकं कौतुक की लाइटचं बिल आणून देणाऱ्यालाही मी ते दाखवलं होतं. कुंदा मात्र म्हणाली, "किटला थेंब कळतो आप्पा, डबा नाही कळत."

त्याच वर्षी मे महिन्यात एव्हरशाईन सिटीतल्या एका सोसायटीत वर्धापनदिनाचं जेवण होतं. मसालेभात आणि भाज्या कामणच्या बायकांच्या बचत गटानं केल्या होत्या, श्रीखंड एका डेअरीतून आलं होतं. एक वाजता पंगत बसली आणि चार वाजेपर्यंत तीस-पस्तीस माणसांना उलट्या सुरू झाल्या. सुदैवानं कुणी दगावलं नाही. जेवल्यावर इतक्या लवकर उलट्या म्हणजे बहुधा स्टॅफचंच काम, हे मला दारात उभ्या उभ्या कळलं. तो भातात होता की श्रीखंडात, एवढाच प्रश्न होता. सोसायटीच्या सेक्रेटरींनी संध्याकाळी दोन स्टीलचे डबे आणून दिले. रविवार होता. कुंदाच्या पुतणीचा साखरपुडा म्हणून ती रविवार-सोमवार सुट्टीवर होती. प्लेटा मी लावल्या. एका झाकणावर लिहिलं 'भात', दुसऱ्यावर 'श्रीखंड'. तळावर काही लिहिलं नाही. सेक्रेटरींना छाती फुगवून सांगितलं, "मंगळवारी दहा वाजता रिपोर्ट घेऊन जा. आता पूर्वीसारखं नाही राहिलं."

मंगळवारी सकाळी साडेआठला मी कपाट उघडलं. दोन्ही तळ उचलून उजेडात धरले, एक या हातात, एक त्या हातात. एकीवर काळ्या चकचकीत टिकल्या आणि प्रत्येक टिकलीभोवती स्वच्छ कडं. स्टॅफची वाढ अशीच दिसते. दुसरी जवळजवळ रिकामी. तेवढ्यात फोन वाजला. "आप्पासाहेब, लोक माझ्या दारात येऊन बसलेत हो. काही कळलं का?" मी बोलता बोलता दोन्ही प्लेटा खाली ठेवल्या, झाकणांवर. कुठली कुठल्या झाकणावर ठेवली ते मी पाहिलं नाही. हे वाक्य मी आज पहिल्यांदा लिहितो आहे.

कुंदा नऊला आली. साखरपुड्याचे पेढे टेबलावर ठेवले, हात धुतले आणि प्लेटा उचलल्या.

"तळावर काहीच नाही, आप्पा."

"झाकणावर आहे ना. वाच की."

"मघाशी उघडल्या होत्यात?"

"नाही," मी म्हणालो.

का म्हणालो? ठरवून म्हणालो नव्हतो. सतरा वर्षं जी गोष्ट ती सांगत होती, ती त्या सकाळी पुन्हा ऐकायची नव्हती, एवढंच. तिनं किट काढलं. 'भात' झाकणाच्या प्लेटवरून काडी घेतली, थेंबात घोळवली, कार्ड हलवलं. गुठळ्या झाल्या. मी फोन उचलायला गेलो तर ती म्हणाली, "डबे फ्रिजमध्ये आहेत. मी पुन्हा लावते. गुरुवारपर्यंत थांबा." मी म्हणालो, "गुरुवारपर्यंत थांबायचं तर किट कशाला आणलं?" रिपोर्टवर सही माझी होती. पण रजिस्टरमध्ये, चाचणी कुणी केली त्या रकान्यात, कुंदाच्या हाताचं 'कुं. राऊत' होतं, कारण चाचणी तिनं केली होती.

दुपारपर्यंत सोसायटीच्या फाटकावर सूचना लागली की कामणच्या गटाचं जेवण कुणी मागवू नये. बुधवारी त्या गटाच्या पाच बायका जिना चढून वर आल्या. पुढे लीलाबाई होत्या, गटाच्या प्रमुख, साठीच्या.

"सायेब, आमच्या हातात जंतू हाय म्हनं?"

"रिपोर्टमध्ये तसं आलंय, बाई."

"मंग हात तपासा. पाच जनींचे धा हात आनलेत."

कुंदानं पाणी आणलं. लीलाबाईंनी ग्लासाकडे पाहिलं. "आमी शिवलो तर पुना हा गलास टाकाल तुमी. नको तुमचा पानी." कुंदानं ट्रे बाजूला ठेवला आणि एकेकीचा हात स्वतःच्या हातात घेऊन खिडकीशी नेला. पुढून, मागून, नखांत, बोटांच्या बेचक्यांत. भात कधी चढवला, कधी उतरवला, वाढताना किती गरम होता, सगळं विचारलं. भात वाफाळताच पंगतीत आला होता. एकीच्याही हातावर साधा ओरखडा नव्हता. मग कुंदानं माझ्याकडे पाहिलं. दर सोमवारी ती त्या थर्मामीटरकडे बघायची तसं.

गुरुवारी सकाळी माझ्या टेबलावर दोन प्लेटा पालथ्या ठेवलेल्या होत्या. तळावर तिचं अक्षर. भाताची प्लेट स्वच्छ होती. श्रीखंडाची टिकल्यांनी काळी झालेली. शेजारी कार्ड, त्यावर गुठळ्या. मला त्याच क्षणी मंगळवारचा फोन आठवला, आणि माझे दोन हात.

"आप्पा, परवा सकाळी प्लेटा उघडल्या होत्यात का?" तिनं पुन्हा विचारलं. आवाजात आरोप नव्हता. ती मला जागा करून देत होती, हे आज कळतं.

"मला आठवत नाही," मी म्हणालो.

दुरुस्त रिपोर्ट त्याच दिवशी गेला, तोही कुंदानं हट्ट धरला म्हणून. फाटकावरची सूचना निघाली. डेअरीत श्रीखंड भरणाऱ्या एका कामगाराच्या बोटावर पिकलेला फोड निघाला. पुढे कामणच्या बायकांना त्याच सोसायटीनं गणपतीत जेवण सांगितलं. सगळं जागच्या जागी आलं असतं. राहिला एकच प्रश्न, चूक झाली कशी?

तो प्रश्न मला रविवारी सोसायटीच्या ऑफिसात, पंधरा-वीस माणसांसमोर विचारला गेला. कुंदा माझ्या शेजारी फाइल घेऊन बसली होती. माझ्या तोंडून एक वाक्य गेलं. पुढे ते लेखीही दिलं. "आमच्या तंत्रज्ञांकडून नमुन्यांची अदलाबदल झाली." तंत्रज्ञ म्हणून माझ्याकडे एकच बाई काम करते हे तिथं सगळ्यांना ठाऊक होतं. मग मागून कुणीतरी म्हणालं, "राऊत म्हणजे निर्मळचे ना? यांचा भाऊ त्याच डेअरीला दूध घालतो." दुसरा म्हणाला, "अच्छा... म्हणून डेअरी वाचवत होत्या होय." अदलाबदल तिनंच केली असती तर तिनंच ती उघडकीला का आणली असती? एकानं त्याचंही उत्तर शोधून काढलं. "अंगाशी येईल असं वाटलं असेल, म्हणून फिरली." संशयाला किती पटकन पाय फुटतात ते मी तिथं पाहिलं. मी दोन शब्दांत ते थांबवू शकलो असतो. प्लेटा मी लावल्या होत्या. हे मला ठाऊक होतं आणि तिला ठाऊक होतं. ती माझ्याकडे बघत राहिली. मी सेक्रेटरींच्या टेबलावरच्या काचेखालचं कॅलेंडर बघत राहिलो. तिच्या हातात मार्कर होता, उघडा. तिनं टोपण लावलं. तो टक् असा आवाज...

सोमवारी ती आली, कपाट धुतलं, थर्मामीटर तपासले, फ्रिजमधल्या प्रत्येक बाटलीवर पुन्हा नावं लिहिली आणि किल्ल्या माझ्यासमोर ठेवल्या.

"एक विचारू, आप्पा? तुम्हाला खरंच वाटतं मी केलं?"

"मी असं कुठं म्हटलं?"

"हो ना. तुम्ही काहीच म्हटलं नाहीत."

ती जिना उतरली. खाली सायकलचा स्टँड काढल्याचा आवाज मी ऐकला आणि खिडकीशी गेलो नाही.

नंतर वसई-विरारमधल्या दोन प्रयोगशाळांनी तिला घेतलं नाही. एकीच्या मालकानं मला फोन करून विचारलं होतं, "बाई विश्वासाच्या आहेत ना?" मी म्हणालो, "कामाला चांगली आहे." त्यानं विचारलं काय होतं आणि मी उत्तर काय दिलं, हे आम्हा दोघांनाही समजलं. निर्मळमध्ये काही दिवस हरेश्वरच्या दुधाकडेही लोक वाकडं बघत होते. कुंदानं घरीच लोणची, मसाले करायला सुरुवात केली. मी मात्र तेव्हापासून सगळ्यांवर संशय घेऊ लागलो. तिनं त्या प्लेटांचे फोटो काढून ठेवले असतील. तिनं लीलाबाईंना सांगितलं असेल. लायब्ररीत दोघं बोलता बोलता गप्प झाले की वाटायचं, माझ्याबद्दलच चाललं होतं. नव्या तंत्रज्ञावर तर मी इतका संशय घ्यायचो की तो आठ महिन्यांत सोडून गेला. शैला एवढंच विचारायची, "कुंदा का गेली हो?" मी म्हणायचो, "तिला घरचा व्यवसाय करायचा होता." शैलानं दुसऱ्यांदा विचारलं नाही आणि त्यामुळे मला तिचाही संशय येऊ लागला.

एकदा मी सांगायला गेलो होतो. सात वर्षं झाली असतील. चार ओळी एका कागदावर लिहिल्या, कारण बोलताना मी घसरतो हे मला माहीत होतं, आणि कागद शर्टाच्या खिशात घालून रिक्षानं निर्मळला गेलो. देवळाच्या रस्त्याला कुंदा स्कूटर थांबवून एका बाईकडून चाफा घेत होती. केस पांढरे झाले होते. मला बघून ती दचकली नाही.

"आप्पा! इकडे कुठं?"

"देवळात आलो होतो," मी म्हणालो. देऊळ अजून पुढे होतं.

"वहिनी बऱ्या आहेत?"

"आहे. तू बरी आहेस ना?"

"मी बरी आहे. तुमचं बीपी? गोळी घेता ना वेळेवर? मीठ बंद केलंय का?"

प्रयोगशाळेत रोज दुपारी माझा रक्तदाब तीच मोजायची. मी म्हणालो, शैला कमी मिठाचं करून देते. कुंदा हसली. "कमी मिठाचं लोणचं टिकत नाही, वहिनींना सांगा, फ्रिजमध्ये ठेवायचं." चाफेवालीनं सुटे पैसे मागितले, मागून एका सायकलवाल्यानं घंटी वाजवली, कुंदानं स्कूटर बाजूला घेतली... आणि मी हात हलवून रिक्षात बसलो. कागद खिशातच होता.

शैला गेली त्याच्या पुढच्या मे महिन्यात माझ्या फाटकाच्या कडीला कुणीतरी कापडी पिशवी अडकवून गेलं. गॅलरीतून मला हरेश्वरची स्कूटर वळताना दिसली. पिशवीत काचेची बरणी, आंब्याचं लोणचं. चिठ्ठी नाही, झाकणावर नाव नाही. माझ्या मनात काय आलं असेल? मला वाटलं, हा टोमणा आहे. किंवा त्याहून वाईट काही. मी ती बरणी प्रयोगशाळेत नेली, वरून चमचाभर लोणचं काढलं आणि तपासलं. सतरा वर्षं जिनं माझ्या हाताखाली जंतू ओळखले, तिच्या लोणच्यात मी जंतू शोधले. प्लेटच्या झाकणावर लिहिलं, 'लोणचं'. काही निघालं नाही. पुन्हा तपासलं. पुन्हा काही निघालं नाही. तरीही मी ते फेकून दिलं आणि बरणी कामवाल्या बाईला देऊन टाकली. पुढची तीन वर्षंही तशीच पिशवी आली. दोन वर्षांपूर्वी प्रयोगशाळा बंद केली. त्या तीन बरण्या मी स्वयंपाकघरातल्या कपाटात वरच्या फळीवर सरकवून ठेवल्या. उघडल्या नाहीत, टाकल्याही नाहीत. आभार मानायला फोन केला नाही. तो केला असता तर पुढचंही बोलावं लागलं असतं.

कुंदा गेल्यावर बाराव्या दिवशी मी निर्मळला गेलो. हरेश्वरनं मला आत नेलं. तिचा फोटो कपाटावर ठेवला होता, चाफ्याचा हार घातलेला. मी म्हणालो, "फोन आला होता तुझा, मी... लक्ष नव्हतं."

"मी आपणहून नव्हतो लावत आप्पा, तिनं लावायला सांगितला होता. तिन्ही वेळा. हॉस्पिटलमधनं."

"काय म्हणायचं होतं तिला?"

"काय की. लागला का, एवढंच विचारायची. मी म्हटलं, उचलत नाहीत. तर म्हणाली, राहू दे, झोपले असतील."

सवयीनं मी त्याच्या चेहऱ्यावर काही शोधत होतो. तिथं काही नव्हतं. त्याला काहीच ठाऊक नव्हतं. तिनं घरात कधी कुणाला सांगितलंच नव्हतं.

कुंदाची वहिनी चहा टाकायला उठली. स्वयंपाकघर समोरच दिसत होतं. फळीवर एकसारख्या डब्यांची रांग, कशावरही चिठ्ठी नाही. वहिनीनं एक डबा उचलून डोक्यावर धरला, खालून बघितलं, परत ठेवला. दुसरा धरला. "ही साखर," ती म्हणाली. माझं लक्ष गेलेलं पाहून तिला हसू आलं आणि लगेच डोळे भरले. "तिची खोड हो, आप्पा. सगळं तळाला लिहायची. आम्ही कंटाळायचो, अगो बाय, साखर आहे, विष नाही. तर म्हणायची, झाकणं बदलतात." चहा मी कसा प्यायलो ते मला आठवत नाही.

घरी येऊन स्टूलावर चढलो आणि तिन्ही बरण्या खाली काढल्या. ओट्यावर रुमाल अंथरून एकेक उलटी केली. काचेच्या तळाला चिकटपट्टी होती आणि तिच्यावर बारीक अक्षर, कडेकडेनं. पहिलीवर तारीख, खाली 'आप्पांसाठी. मीठ निम्मं. फ्रिजमध्ये ठेवा. ऑगस्टपर्यंत संपवा.' दुसरीवर तेच. यंदाच्या बरणीवर अक्षर हललेलं होतं, पण शब्द तेच होते. जी बरणी मी देऊन टाकली तिच्या तळाशीही हेच असणार. झाकणं उघडली. कमी मिठाचं लोणचं बाहेर टिकत नाही हे तिनं मला रस्त्यात सांगितलं होतं. तिन्हींवर बुरशीचा पांढरा थर होता. ती कशामुळे आली हे ओळखायला मला कुठलं किट नको होतं.

बरण्या मी धुतल्या, चिकटपट्ट्या भिजू दिल्या नाहीत. त्या माझ्या ओट्यावर आहेत, पालथ्या.

तेव्हा आता नोंद दुरुस्त करतो. त्या रविवारी दोन्ही प्लेटा मी लावल्या. नावं झाकणावर मी लिहिली. मंगळवारी सकाळी त्या मी उघडल्या आणि झाकणं माझ्या हातून बदलली. कुंदा राऊत हिनं नमुन्यांची अदलाबदल केली नाही. झालेली अदलाबदल तिनं शोधून काढली. तिच्या भावाच्या दुधाचा यात काही संबंध नव्हता. सोसायटीला मी लेखी दिलेलं वाक्य खोटं होतं, आणि ते खोटं आहे हे देताना मला माहीत होतं. सोसायटीला हे पत्रानं कळवलं आहे. एक प्रत हरेश्वरला दिली. त्यानं ती वाचली, घडी घातली आणि मला फाटकापर्यंत सोडायला आला नाही. बरोबरच केलं त्यानं.

निर्मळला नेलेला तो कागद अजून माझ्याकडे आहे. घडीवर विरलाय. त्यावर चार ओळी आहेत, जशा होत्या तशा इथं देतो.

कुंदा, प्लेटा मी लावल्या होत्या.
तू विचारलंस तेव्हा दोन्ही वेळा मी खोटं बोललो.
त्या दिवशी सगळे बोलत होते आणि मी गप्प बसलो.
मला माफ कर, बाय.